तीन पिल्ले आणि लसींच्या तारखा

२०२३ सालच्या अधिक श्रावणात, २० जुलैला गुरुवारी पहाटे, कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीतल्या आमच्या तळमजल्यावरच्या घरामागे, जुन्या सायकलींवर टाकलेल्या ताडपत्रीखाली एक मांजर व्याली. पावसाची झड लागलेली होती, म्हणून मी ताडपत्रीची कड थोडी उचलून पाहिली, तेव्हा एक काळे, एक तांबडे आणि एक करडे अशी तीन पिल्ले तिच्या पोटाशी चिकटलेली दिसली. ही तारीख मी त्या वेळी सहज स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली. पुढचे सगळे हिशेब याच नोंदीवरून झाले आणि ती नसती, तर डॉक्टरांना दात पाहून अंदाजाने वय ठरवावे लागले असते. म्हणून ज्यांच्या घरात किंवा आवारात पिल्ले जन्माला येतात त्यांना माझे पहिले सांगणे हे की, जन्मतारीख लिहून ठेवावी.

पिल्ले सहा आठवड्यांची झाली तेव्हा ती स्वतःच पायऱ्या चढून घरात येऊ लागली. आईही दुपारची दाराशी येऊन बसे, पण हात लावू देत नसे. काळू, तांबू आणि भुरी ही नावे मुलीने ठेवली आणि नावे ठेवली गेल्यावर ती आमची झाली. कर्वे रस्त्याच्या एका आतल्या गल्लीत मांजरांचा बराच अनुभव असलेल्या एका डॉक्टरबाईंचा दवाखाना आहे, तिथे तिघांनाही एका टोपलीत घालून आम्ही नेले. बाईंनी वजने घेतली, कान पाहिले, जंतांचे पातळ औषध पाजले आणि दोन आठवड्यांनी ते पुन्हा द्यायला सांगितले. मग तीन कोरी कार्डे काढून त्यांवर नावे आणि जन्मतारीख लिहिली आणि पहिल्या लसीची तारीख घातली, १४ सप्टेंबर, म्हणजे बरोबर आठवा आठवडा पूर्ण होईल तो दिवस.

मी त्यांना विचारले, "आत्ताच का नाही टोचत? आणलीच आहेत तर."

त्यावर त्यांनी समजावून सांगितले ते मला नीट पटले आणि आजही जसेच्या तसे आठवते. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवसात आईचा जो चीक पिते, त्यातून तिच्या अंगातली रोगप्रतिकारक द्रव्ये त्याला मिळतात. ही द्रव्ये पिल्लाचे रक्षण करतात, पण तीच लसीतल्या विषाणूलाही निकामी करतात, त्यामुळे फार लवकर टोचलेली लस वाया जाते. आईकडून मिळालेले हे संरक्षण हळूहळू ओसरते, आणि अडचण अशी की ते कोणत्या पिल्लाचे कोणत्या आठवड्यात ओसरेल हे बाहेरून कळत नाही. एकाचे आठव्या आठवड्यात संपते, तर दुसऱ्याचे चौदाव्यापर्यंत टिकते. मध्ये काही दिवस असे येतात की आईचे संरक्षण पुरेसे उरलेले नसते आणि लसही अजून नीट लागू पडत नसते. म्हणून आठव्या आठवड्यापासून सुरुवात करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लस पुन्हा पुन्हा देतात आणि शेवटची मात्रा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच देतात. बूस्टर म्हणजे पहिल्या लसीचा जोर वाढवणे, असा माझा समज होता. पिल्लांच्या बाबतीत तो अपुरा निघाला. पहिली लागू पडली नसेल तर दुसरी पडावी, दुसरी नसेल तर तिसरी पडावी, यासाठी ती मालिका असते.

हे सगळे समजूनही मी चुकले. त्या वर्षी गणपती १९ सप्टेंबरला होते. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती आणि गौरी दोन्ही असतात, सासरची मंडळी सोलापूरहून येतात आणि आधीचा आठवडा सगळा साफसफाईत आणि फराळात जातो. १४ तारखेला सकाळी मी डॉक्टरबाईंना फोन करून म्हटले की अनंत चतुर्दशी झाली की लगेच आणते, दहा-पंधरा दिवस इकडेतिकडे. त्या म्हणाल्या, "काकू, जमलं तर आजच आणा. नाहीच जमलं तर निदान पिल्लांना पाहुण्यांपासून लांब, एका खोलीत ठेवा." मी हो म्हटले. प्रत्यक्षात गौरीच्या दिवशी घरात चाळीसेक माणसे येऊन गेली, दाराशी चपलांचा ढीग झाला आणि काळू त्या ढिगात शिरून चपलांच्या पट्ट्यांशी खेळत होता. ते सगळ्यांनी कौतुकाने पाहिले, मीही पाहिले.

२३ सप्टेंबरला, शनिवारी, गौरी-गणपतीचे विसर्जन करून आम्ही घरी आलो, तेव्हा काळू मोरीजवळ ठेवलेल्या पाण्याच्या वाडग्यापाशी बसला होता. मान वाडग्यावर झुकलेली, हनुवटी जवळजवळ पाण्याला टेकलेली, पण तो पाणी पीत नव्हता. तहान लागली असावी आणि पिता येत नसावे, असे ते बसणे होते. मी हात लावला तर अंग तापलेले होते. रात्री त्याला पिवळ्या फेसाच्या उलट्या झाल्या, पहाटे जुलाब सुरू झाले. रविवार असूनही डॉक्टरबाईंनी दवाखाना उघडला. मी वाडग्याचे सांगितले, तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या की हे लक्षण आम्ही नेहमी ऐकतो.

त्या रोगाचे नाव फेलाइन पॅनल्युकोपेनिया. आपल्याकडे त्याला मांजरांचा पारवोच म्हणतात, कारण त्याचा विषाणू कुत्र्यांच्या पारवो विषाणूचा जवळचा नातेवाईक आहे, इतका जवळचा की कुत्र्यांच्या पारवोसाठी मिळणारी तपासणीची पट्टी मांजराच्या विष्ठेवरही वापरता येते. काळूच्या बाबतीत ती वापरली आणि पाच-सात मिनिटांत दुसरी रेघ उमटली. हा विषाणू आतड्याच्या आणि अस्थिमज्जेच्या वेगाने वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतो, त्यामुळे आतड्याचे अस्तर झडते आणि त्याच वेळी रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी संपत जातात. त्या विषाणूला मारणारे औषध नाही. सलाइन, उलटी थांबवणारे इंजेक्शन, इतर जंतूंचा शिरकाव होऊ नये म्हणून प्रतिजैविक आणि अंग गरम ठेवणे, एवढेच हातात असते. पुढच्या पायाची शीर इतकी बारीक होती की सुई लावायला बाईंना तीनदा प्रयत्न करावा लागला. सोमवारी, २५ तारखेला पहाटे, मुलीच्या मांडीवर, गरम पाण्याच्या पिशवीला टेकून काळू गेला. तो नऊ आठवडे आणि चार दिवसांचा होता.

विषाणू नेमका कुठून आला हे कोणालाच सांगता येणार नाही. आवारातल्या दुसऱ्या मांजरांकडून, आईच्या अंगावरून किंवा कोणाच्या तरी चपलेच्या तळव्यावरून तो आलेला असू शकतो, आणि हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण "आमचे मांजर घराबाहेर जातच नाही, मग लस कशाला?" हे वाक्य त्यानंतर मी निदान दहा जणांकडून ऐकले आहे. मांजर बाहेर जात नसले तरी आपण जातो, आणि हा विषाणू फरशीवर, कपड्यावर, टोपलीत महिनोन्महिने, अगदी वर्षभरही टिकू शकतो. १४ तारखेला लस दिली असती तर काळू नक्की वाचला असता, असे डॉक्टरबाई म्हणाल्या नाहीत. एका मात्रेनंतर इतक्या थोड्या दिवसांत संरक्षण तयार झाले असतेच असे नाही, असे त्यांनी मला दिलासा देण्यासाठी सांगितले. परंतु वाचण्याची जी काही शक्यता होती ती मी पाहुण्यांच्या तयारीपायी घालवली, ही गोष्ट मी स्वतःपुरती मान्य केली आहे.

त्यानंतरचे दोन आठवडे तांबू आणि भुरीवर लक्ष ठेवण्यात गेले. डॉक्टरबाईंचा निर्णय असा होता की ज्या घरात रोग होऊन गेला आहे तिथली पिल्ले आधी निरोगी आहेत याची खात्री करायची आणि मगच लस द्यायची. रोज सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली थर्मामीटर लावून मी ताप वहीत लिहीत असे. मांजराचे सर्वसाधारण तापमान माणसापेक्षा जास्त, साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, हे माहीत नसल्यामुळे पहिल्याच दिवशी १०१.६ पाहून माझ्या पोटात गोळा आला होता.

घराची स्वच्छता हे वेगळेच काम होते. फिनेलने फरशी पुसायला मी निघाले होते, ते बाईंनी थांबवले. फिनेलसारखी द्रव्ये मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, पायाला लागलेले ती चाटतात आणि त्यातून विषबाधा होते. शिवाय नेहमीच्या जंतुनाशकांपैकी पुष्कळशी या विषाणूवर चालत नाहीत. चालते ते घरगुती ब्लीच, म्हणजे पाचेक टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट, एक भाग ब्लीचला बत्तीस भाग पाणी या प्रमाणात. तेही आधी साबणाने सगळी घाण धुऊन काढल्यावर, कारण घाण राहिली तर ब्लीचची ताकद तिच्यातच खर्च होते. शिंपडलेले पाणी दहा मिनिटे तसेच राहू द्यायचे आणि मग स्वच्छ पाण्याने पुसायचे. टोपली, अंथरूण आणि चेंडू आम्ही टाकून दिले. २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. शहरभर ढोल-ताशे वाजत असताना मी आणि यजमान मोरीच्या कडेच्या फटी जुन्या टूथब्रशने घासत होतो. तोच दिवस लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन म्हणून जागतिक रेबीज दिन असतो, हे मला नंतर दवाखान्यातल्या भित्तिपत्रकावरून कळले.

पहिली लस अखेर १० ऑक्टोबरला, मंगळवारी झाली. आदल्या आठवडाभर नवा प्लास्टिकचा कॅरियर दिवाणखान्यात दार उघडे ठेवून ठेवला होता आणि दोघांचे खाणे त्यातच देत होते, त्यामुळे ती आपणहून आत शिरली. त्यावर जुन्या सुती लुगड्याची घडी टाकली, कारण अंधार असला की मांजर रिक्षात शांत राहते. एवढे करूनही कर्वे पुतळ्यापाशी एका बसने कर्कश हॉर्न वाजवला आणि घडी सारखी करायला मी जाळीच्या दारातून बोटे आत घातली, त्याच क्षणी भुरीने घाबरून पंजा मारला. मनगटावर दोन बारीक रेघा उठल्या. रक्त आले नव्हते.

दवाखान्यात बाईंनी पिल्लांना हात लावण्यापूर्वी माझा हात पाहिला. "आधी बेसिनपाशी जा, वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून," त्या म्हणाल्या. "आणि आज संध्याकाळच्या आत तुमचीही लस सुरू करा. ही बाहेर जन्मलेली पिल्लं आहेत, त्यांची रेबीजची लस व्हायची आहे. ओरखडा किती लहान आहे यावर जाऊ नका." पंधरा मिनिटे हा फार मोठा वेळ असतो, हे घड्याळ लावून हात धुतल्याशिवाय कळत नाही. साबण आणि पाणी हेच पहिले औषध, कारण साबणाने रेबीजच्या विषाणूचे बाहेरचे स्निग्ध आवरण विरघळते. आमच्या लहानपणी कुत्रे चावले की जखमेवर हळद, चुना, क्वचित तिखटही भरत असत. अजूनही कोणी तसे सुचवले तर कृपया ऐकू नये.

हात धुऊन आल्यावर पिल्लांची पाळी. बाईंनी फ्रिजमधून दोन चिमुकल्या बाटल्या काढल्या. फ्रिजच्या दारावर तापमानाचा तक्ता चिकटवलेला होता, सकाळ-संध्याकाळच्या नोंदींसह, आणि सगळे आकडे दोन ते आठ अंश सेल्सियसच्या मधले होते. एका बाटलीच्या तळाशी साबुदाण्याच्या पापडाच्या तुकड्यासारखी पांढरी, सच्छिद्र वडी होती आणि दुसरीत स्वच्छ पाणी. पाणी सुईने वडीवर सोडल्यावर ती दोन-तीन सेकंदांत विरून गेली, बाटली हलकेच गोल फिरवली आणि तेच औषध सिरिंजमध्ये ओढले. ही झाली ट्रायकॅट, म्हणजे पॅनल्युकोपेनिया आणि सर्दी-डोळ्यांच्या रोगांचे दोन विषाणू, हर्पीस आणि कॅलिसी, या तिघांवरची एकत्र लस. तांबूला वजनकाट्यावरच टॉवेलमध्ये गुंडाळून पुढच्या उजव्या पायाच्या कातडीखाली ती टोचली, तो ओरडलासुद्धा नाही. मानेवर न टोचता पायावर का, असे विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की मांजरांमध्ये फार क्वचित टोचलेल्या जागी गाठ होऊन तिचा कर्करोग होऊ शकतो, आणि तशी वेळ आलीच तर पायावर उपचार करणे मानेपेक्षा सोपे जाते. म्हणून कोणती लस कोणत्या पायावर दिली हेही त्या कार्डावर लिहितात.

मग बाईंनी रिकाम्या बाटलीवरचे लेबल नखाने अलगद सोलले. पोस्टाच्या तिकिटापेक्षा लहान ते कागदाचे चिठोरे, त्यावर लसीचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख. ते कार्डावर चिकटवले, शेजारी सही, नोंदणी क्रमांकाचा शिक्का आणि पुढची तारीख. या चिठोऱ्याचे महत्त्व मला तेव्हा कळले नाही.

अर्धा तास आम्हाला बाकावर बसवून ठेवले, कारण तोंड सुजणे, उलटी, धाप असे काही व्हायचे असेल तर ते बहुधा लवकर होते आणि तेव्हा डॉक्टर जवळ असावेत. तसे काही झाले नाही. दिवसभर दोघेही पेंगुळलेले होते, रात्री जेवले आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर चढले.

त्याच संध्याकाळी मी महापालिकेच्या रुग्णालयात गेले. दोन्ही दंडांवर कातडीच्या आत थोडे थोडे औषध देतात, मुगाच्या दाण्याएवढा फुगा येतो आणि काही वेळात विरतो. पहिली मात्रा त्या दिवशी, मग त्यानंतरच्या तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, म्हणजे १३ ऑक्टोबर, १७ ऑक्टोबर आणि ७ नोव्हेंबर. एक पैसाही लागला नाही. रांगेत बसले असताना मला थोरल्या भावाची आठवण झाली. नारायण पेठेतल्या वाड्यात असताना त्याला कुत्रे चावले होते आणि त्याला रोज एक याप्रमाणे पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागली होती. शेवटी शेवटी तो चालताना कमरेत वाकत असे. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली, तरी "पोटात चौदा" ही धास्ती आमच्या पिढीच्या मनातून गेलेली नाही आणि तिच्यापायी लोक अजूनही दवाखान्यात जायचे टाळतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर इलाज नाही, आणि त्याआधी वेळेवर घेतलेल्या लसीने तो जवळजवळ हमखास टळतो. इतका स्पष्ट हिशेब असलेले रोग थोडेच असतील.

७ नोव्हेंबरला माझा शेवटचा डोस आणि पिल्लांचा दुसरा, असे एकाच दिवशी आले. वसुबारस दोन दिवसांवर होती, चकलीची भाजणी दळून आलेली होती आणि ती तशीच डब्यात ठेवून मी बाहेर पडले. त्या दिवशी ट्रायकॅट पुढच्या पायावर आणि रेबीजची लस मागच्या उजव्या पायावर देण्यात आली. बाईंनी कार्डावरची जन्मतारीख पाहून बोटांवर मोजले आणि म्हणाल्या, "काकू, आज सोळा आठवड्यांना दोन दिवस कमी आहेत. पुढच्या महिन्यात अजून एक ट्रायकॅट देऊ." दोन दिवसांसाठी आणखी एक फेरी, असे कोणालाही वाटेल. मला त्या दोन दिवसांची किंमत कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती. ५ डिसेंबरला तिसरी मात्रा झाली आणि पिल्लांची मालिका पूर्ण झाली.

त्याच सुमारास एका प्राणिमित्र कार्यकर्तीच्या मदतीने आई मांजरीला पिंजरा लावून पकडले, तिची नसबंदीची शस्त्रक्रिया केली, रेबीजची लसही दिली आणि तिला पुन्हा आवारात सोडले. ती अजूनही दुपारची दाराशी येते.

जानेवारी २०२४ मध्ये घरात राणी आली. धाकटे दीर बदलीवर नागपूरला गेले, तिथल्या घरमालकांना कुत्रा नको होता, म्हणून त्यांची तीन वर्षांची कुत्री आमच्याकडे राहायला आली. तिच्यासोबत लसीकरणाचे कार्डही आले, आणि "सगळी इंजेक्शनं झालेली आहेत वहिनी, काळजी नको" असा निरोपही. मी कार्ड उघडले. रेबीजच्या रकान्यात तारीख होती आणि एक सही होती. चिठोरे नव्हते, बॅच क्रमांक नव्हता, शिक्काही नव्हता. दिरांना फोन केला तेव्हा कळले की घराजवळच्या एका दुकानातून लस विकत आणून ती एका ओळखीच्या माणसाकडून घरीच टोचून घेतली होती, दवाखान्याचे पैसे वाचावेत म्हणून. लस दुकानातून आणताना बर्फाच्या डब्यात आणली होती का, असे विचारले, तर साध्या पिशवीत आणली होती, आणि तोही मे महिना.

मला दिरांचा राग आला नाही, कारण त्यांनी हेळसांड केली नव्हती. त्यांनी पैसे खर्चून, वेळ काढून लस दिली होती आणि ती दिली या भरवशावर इतकी वर्षे काढली होती. लस उन्हात तापली तर तिचा रंग बदलत नाही आणि टोचल्यावर कुत्र्यातही काही फरक दिसत नाही. म्हणूनच फ्रिजच्या दारावरचा तो तक्ता पाहायला मिळाला नाही तर मागून घ्यावा आणि विजेचा खोळंबा झाल्यावर फ्रिजचे काय करता, हेही विचारावे. मी हे विचारते तेव्हा चांगले डॉक्टर रागावत नाहीत, उलट खूश होतात, असा माझा अनुभव आहे.

डॉक्टरबाईंनी राणीला लस झालेलीच नाही असे धरून चालायचे ठरवले. पूर्वीची लस खरोखर लागू पडली असेल, तर एक जादा मात्रा दिल्याने नुकसान नाही. नसेल लागू पडली, तर न देण्याने सगळेच नुकसान. तिला रेबीजची लस आणि डिस्टेंपर, पारवो, कावीळ, लेप्टो वगैरेंवरची एकत्र लस दिली आणि चार आठवड्यांनी एकत्र लस पुन्हा दिली, कारण लेप्टोविरुद्ध पहिल्यांदा दोन मात्रा लागतात आणि नंतर ती दरवर्षी द्यावी लागते. लेप्टो उंदरांच्या मूत्रातून पाण्यात आणि चिखलात येतो आणि माणसालाही होतो. पावसाळ्यात मुठेच्या काठाने फिरवून आणलेली कुत्री घरी आल्यावर आपल्याच पायपुसण्यावर बसते, हे ध्यानात घेतले की ही लस कोणासाठी आहे ते वेगळे सांगावे लागत नाही. एकत्र लसीच्या दिवशी रात्री राणीच्या टोचल्या जागी सुपारीएवढी गाठ आली होती, ती दहा-बारा दिवसांत जिरली.

पुणे महापालिकेच्या हद्दीत कुत्रा पाळायचा तर परवाना काढावा लागतो, आणि २०२२ पासून मांजरांचीही नोंदणी करावी लागते. दोन्हींसाठी रेबीजच्या लसीचा पुरावा जोडायचा असतो. दिरांचे जुने कार्ड घेऊन मी अर्ज भरायला बसले असते तर पुरावा म्हणून दाखवायला माझ्याकडे एक अनोळखी सही होती. आता तीन कार्डे होती, तिन्हींवर चिठोरी होती. अर्जाचे काम फार वेळ न लागता झाले, त्याविषयी लिहिण्यासारखे विशेष नाही.

खर्चाविषयी मात्र लिहिले पाहिजे, कारण पुष्कळ घरांत अडते ते तिथेच. मांजरांची ट्रायकॅट रेबीजच्या लसीपेक्षा बरीच महाग असते आणि दोन पिल्लांच्या तीन-तीन मात्रा म्हणजे मध्यमवर्गीय घरालाही विचार करायला लावणारी रक्कम होते. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींच्या मुलाने वस्तीतले एक पिल्लू पाळले आहे. त्यांना मी औंधच्या पशुसंवर्धन खात्याच्या सर्वचिकित्सालयाचा पत्ता दिला आणि सप्टेंबरअखेरीस रेबीज दिनाच्या सुमारास ठिकठिकाणी मोफत लसीकरणाची शिबिरे होतात त्यांवर लक्ष ठेवायला सांगितले. सगळ्या लसी एकदम परवडत नसतील तर निदान रेबीजची आधी द्यावी, ती पाळीव प्राण्याइतकीच घरातल्या मुलांसाठीही असते.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस आमच्या वरच्या मजल्यावरच्या जोशी काकूंकडे त्यांच्या नातीने एक पांढरे पिल्लू आणले. आणले तेव्हाच मी जन्मतारीख विचारली. आठ आठवडे पूर्ण होत होते ते ६ सप्टेंबरला, हरतालिकेच्या दिवशी, आणि ७ तारखेला गणपती. काकू म्हणाल्या, "अगं, उद्या मूर्ती आणायची आहे, नैवेद्याचं सगळं व्हायचंय. गौरी झाल्या की जाऊ या ना." मी त्यांना काळूचे सगळे सांगितले, पाण्याच्या वाडग्यापासून. बोलता बोलता माझा आवाज भरून आला आणि त्या उठून आत गेल्या. मला वाटले त्यांना ते आवडले नाही. त्या बाहेर आल्या त्या पायांत चपला घालून आणि हातात पिल्लाची टोपली घेऊन.

रिक्षात टोपलीवर मी तीच लुगड्याची घडी टाकली. दवाखान्यात गर्दी होती, आमच्यासारखेच सणाच्या आधी आलेले पाच-सहा जण बाकावर बसले होते. पिल्लाचे नाव विचारले तेव्हा काकूंनी अजून ठेवले नाही असे सांगितले, म्हणून कार्डावर नावाची जागा कोरी राहिली. खाली बाईंनी नखाने लेबल सोलले, चिकटवले, सही केली, शिक्का मारला आणि पुढची तारीख घातली, ४ ऑक्टोबर. घरी परतताना काकूंनी ते कार्ड पर्समध्ये न ठेवता हातातच धरले होते.